कळप हाकणारे कुत्रे आणि पशुधनाची राखण

कळप हाकणारे कुत्रे म्हणजे मेंढ्या, शेळ्या, गाईगुरे इत्यादी जनावरांना मेंढपाळाच्या इशाऱ्यानुसार एकत्र आणणे, वळवणे आणि पुढे नेणे या कामासाठी पैदास केलेले कुत्रे होत. बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन केल्पी, वेल्श कॉर्गी, जर्मन शेफर्ड या अशा जाती आहेत. लांडगा, कोल्हा, बिबट्या यांसारख्या हिंस्र प्राण्यांपासून कळपाचे रक्षण करण्यासाठी मात्र कुत्र्यांचा एक निराळा गट वापरला जातो. त्यास राखणदार कुत्रे असे म्हणतात. ग्रेट पिरेनीज, मारेम्मा, कांगल, कोमोंदोर, तसेच हिमालयातील गद्दी आणि बकरवाल कुत्रे या गटात येतात.

दोन्ही गटांतील कुत्रे मेंढपाळांकडेच असतात आणि त्यांच्या नावांतही साम्य असते. त्यामुळे हाकणारा कुत्रा कळपाची राखणही करील, असा समज सर्वत्र आढळतो. वर्तनशास्त्रीय अभ्यासानुसार ही दोन कामे परस्परविरोधी प्रवृत्तींवर उभी आहेत. हाकणाऱ्या कुत्र्याचे काम शिकारी प्रवृत्तीच्या नियंत्रित वापरावर चालते, तर राखणदार कुत्र्यात कळपाविषयीची हीच प्रवृत्ती जवळजवळ सुप्त असावी लागते. म्हणून हाकणाऱ्या जाती माणसाच्या देखरेखीविना कळपाच्या राखणीस सामान्यतः अयोग्य मानल्या जातात. महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळांकडे कोणतीही मान्यताप्राप्त राखणदार जात नाही. तरीही त्यांचे गावठी कुत्रे शतकानुशतके हे काम करीत आले आहेत. राखणीच्या कामात जातीइतकेच संगोपनालाही महत्त्व असते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

## संज्ञा आणि वर्गीकरण

मराठीत 'मेंढपाळाचा कुत्रा' हा शब्दप्रयोग दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांसाठी केला जातो. इंग्रजीतील 'शेफर्ड' आणि 'शीपडॉग' हे शब्दही असेच संदिग्ध आहेत. जर्मन शेफर्ड व ऑस्ट्रेलियन शेफर्ड हे हाकणारे कुत्रे आहेत, तर अनातोलियन शेफर्ड व कॉकेशियन शेफर्ड हे राखणदार आहेत. नावातील 'शेफर्ड' या शब्दावरून कुत्र्याचे काम ठरवता येत नाही.

कामानुसार कुत्र्यांचे पुढील तीन गट वेगळे ओळखणे आवश्यक ठरते:

- हाकणारे कुत्रे: मेंढपाळाच्या शिट्टीवर, हाकेवर किंवा हातवाऱ्यांवर कळपाची हालचाल घडवून आणतात. काम संपल्यावर त्यांना कळपापासून दूर ठेवले जाते.
- कळपाचे राखणदार कुत्रे: रात्रंदिवस कळपातच राहतात. त्यांना सतत आज्ञा द्याव्या लागत नाहीत. धोका ओळखून ते स्वतःच्या निर्णयाने हालचाल करतात.
- घर व मालमत्तेचे पहारेकरी कुत्रे: डोबरमन, रॉटवायलर आणि आजचा जर्मन शेफर्ड यांचा या कामासाठी उपयोग होतो. ते आपल्या मालकाचे व जागेचे रक्षण करतात. मेंढ्यांविषयी त्यांना आपुलकी असेलच असे नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या गटातील फरक पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. अनोळखी माणसावर भुंकणारा कुत्रा बंदिस्त गोठ्याच्या दारावर उपयोगी पडतो. परंतु त्यालाच मोकळ्या माळावर कळपात सोडले, तर तो शेळ्यांच्या मागे धावण्याची शक्यता असते.

## वर्तनाचा आधार

### शिकारीची साखळी

अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड कॉपिंजर आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून राखणदार कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार लांडग्याच्या शिकारीत ठरावीक क्रियांची एक साखळी असते. त्यात सावजाकडे लक्ष जाणे, नजर रोखून दबकत पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडून चावणे, ठार मारणे, फाडणे आणि खाणे या क्रिया क्रमाने येतात. माणसाने केलेल्या निवडीमुळे कुत्र्यांच्या वेगवेगळ्या जातींमध्ये या साखळीतील काही कड्या ठळक झाल्या आणि काही दुबळ्या पडल्या.

बॉर्डर कॉलीत नजर रोखणे, दबकणे आणि पाठलाग करणे या कड्या अतिशय तीव्र असून चावण्याची व ठार मारण्याची कडी दाबली गेली आहे. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग, कॉर्गी यांसारख्या गुरे हाकणाऱ्या जातींत पाठलागाबरोबर टाचेला हलकेच चावण्याची प्रवृत्तीही टिकवलेली आढळते, कारण मोठी गुरे केवळ नजरेला दबत नाहीत. राखणदार जातींत मात्र ही संपूर्ण साखळी क्षीण असते. प्रौढ राखणदार कुत्रा मेंढ्यांवर नजर रोखत नाही, त्यांच्यामागे धावत नाही आणि त्यांच्यापुढे दबा धरत नाही.

हाकणारा कुत्रा मेंढीला हलवू शकतो, याचे कारण मेंढी त्याला शिकारी समजते. त्याच्या रोखलेल्या नजरेने व दबकत्या चालीने कळप एकवटतो आणि त्याच्यापासून दूर सरकू लागतो. मेंढपाळ या भीतीचाच नियंत्रित वापर करतो. राखणदार कुत्र्याला मेंढ्यांनी आपल्यातलाच एक समजणे आवश्यक असते. एकाच कुत्र्याने एकाच कळपाला सकाळी भीती आणि रात्री विश्वास देणे कठीण असते. हाकणारी जात राखणीस अपुरी ठरण्याचे मूळ येथे आहे.

### लहान वयातील सहवास

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले, की पिल्लाचे सामाजिक संबंध मुख्यतः वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या सुमारास घडतात. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते पुढे आपले सोबती मानते. राखणदार कुत्र्यांची पिल्ले याच कारणासाठी मेंढ्यांच्या वाड्यात वाढवली जातात.

कॉपिंजर यांनी चांगल्या राखणदार कुत्र्याचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला, तो कळपाकडे लक्ष देणारा व त्याच्या सोबत राहणारा असावा. दुसरा, त्याच्यापासून कळपाला इजा होऊ नये. तिसरा, परका प्राणी दिसताच त्याने भुंकून व पुढे जाऊन प्रतिकार करावा. यांपैकी पहिले दोन गुण प्रामुख्याने संगोपनातून येतात. मात्र ज्या जातीत पाठलागाची प्रवृत्ती जन्मजात तीव्र आहे, तिच्यात ती केवळ संगोपनाने नाहीशी होत नाही. मेंढ्यांमध्ये वाढलेले बॉर्डर कॉलीचे पिल्लूही मोठे झाल्यावर त्यांच्यावर नजर रोखू लागते.

राखणदार कुत्र्याचे काम बहुतेक वेळा प्रत्यक्ष झुंजीपर्यंत जात नाही. भुंकणे, मूत्राच्या गंधाने हद्द आखणे आणि शिकारी प्राणी व कळप यांच्यामध्ये उभे राहणे, यांमुळे शिकाऱ्याच्या क्रियांची साखळी मध्येच तुटते. शिकार महाग पडेल असे दिसल्यावर तो प्राणी माघार घेतो.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्राचीन रोममधील शेतीविषयक ग्रंथांत राखणदार कुत्र्यांचे वर्णन आढळते. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील व्हॅरो याने लांडग्याच्या चाव्यापासून बचाव व्हावा म्हणून कुत्र्याच्या गळ्यात खिळे मारलेला चामडी पट्टा बांधण्याची शिफारस केली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील कोलुमेला याच्या मते मेंढपाळाचा कुत्रा पांढरा असावा. पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात लांडगा समजून मेंढपाळाने चुकून कुत्र्यावरच वार करू नये, हे त्याने त्याचे कारण दिले आहे. इटलीतील मारेम्मा आणि पिरेनीज पर्वतातील ग्रेट पिरेनीज या जाती आजही पांढऱ्या आहेत.

हाकणाऱ्या आणि राखणदार कुत्र्यांच्या भौगोलिक विभागणीमागे शिकारी प्राण्यांचे अस्तित्व हे प्रमुख कारण आहे. इटलीतील अब्रुत्सी प्रदेश, तुर्कस्तान, कॉकेशस, मध्य आशिया आणि हिमालय येथे लांडगे टिकून राहिले, म्हणून तेथे राखणदार जातीही टिकल्या. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकापर्यंत लांडगा नामशेष झाला. कळपाला लांडग्याचे भय न उरल्याने मेंढ्या मोकळ्या डोंगरांवर विखरून चरू लागल्या आणि त्यांना गोळा करणारा चपळ कुत्रा मेंढपाळाला अधिक मोलाचा वाटू लागला. मेंढ्या हाकण्याच्या स्पर्धा वेल्समधील बाला येथे १८७३ मध्ये झाल्या. आजच्या बॉर्डर कॉलीचा मूळ पुरुष मानला जाणारा 'ओल्ड हेम्प' हा कुत्रा १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मला. आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटीची स्थापना १९०६ मध्ये झाली. बॉर्डर कॉली ही जात, अशा रीतीने, लांडगा नसलेल्या प्रदेशात घडली.

जर्मन शेफर्डची प्रमाणित पैदास माक्स फॉन श्टेफानित्स याने १८९९ मध्ये सुरू केली. जर्मनीत पिकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यांत मेंढ्या चारल्या जात. पिकात शिरणाऱ्या मेंढ्यांना अडवण्यासाठी हा कुत्रा हद्दीवर सतत फेऱ्या मारीत असे. पुढे पोलीस व लष्करी कामासाठी त्याची निवड होऊ लागली आणि तो पहारेकरी कुत्रा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या या कीर्तीमुळे तो कळपाचाही राखणदार असावा असा समज दृढ झाला.

अमेरिकेत १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या आदेशाने केंद्र सरकारच्या जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालून मारण्यास मनाई झाली. त्यानंतर कळपांच्या रक्षणासाठी पर्यायी उपायांचा शोध सुरू झाला आणि युरोप व आशियातील राखणदार जाती तेथे आणल्या गेल्या. नामिबियात चित्ता संवर्धन निधी या संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन शेफर्डची पिल्ले देण्यास सुरुवात केली. कळप सुरक्षित राहिला तर शेतकरी चित्त्याला मारणार नाही, हा त्यामागील हेतू होता. ऑस्ट्रेलियातील वॉर्नाम्बूल येथील मिडल आयलंड या बेटावर २००६ पासून मारेम्मा कुत्र्यांच्या साहाय्याने लहान पेंग्विन पक्ष्यांचे कोल्ह्यांपासून रक्षण केले जाऊ लागले. राखणदार कुत्र्याची निष्ठा मेंढ्यांपुरती मर्यादित नसून तो ज्यांच्या सहवासात राहतो त्यांच्याशी जोडली जाते, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले.

## राखणीच्या कामात हाकणाऱ्या जातींच्या मर्यादा

देखरेखीविना कळपात ठेवलेल्या हाकणाऱ्या कुत्र्यांबाबत पुढील अडचणी उद्भवतात:

- कळपावरील ताण: कुत्रा स्वतःहून मेंढ्या गोळा करीत व पळवीत राहतो. त्यामुळे त्यांच्या चरण्यात व रवंथ करण्यात खंड पडतो. गाभण मेंढ्यांना सतत पळवल्यास गर्भपाताचा धोका असतो.
- इजा: आज्ञा देणारा माणूस नसताना पाठलागाचे पर्यवसान चावण्यात होऊ शकते. पळणारे कोकरू ही प्रवृत्ती विशेष चेतवते.
- आकारमान: बॉर्डर कॉलीचे वजन साधारण १४ ते २० किलोग्रॅम असते, तर ग्रेट पिरेनीज व कांगल या जातींचे नर सहसा ४५ किलोग्रॅमहून अधिक वजनाचे असतात. लांडग्यांच्या टोळीपुढे लहान कुत्रा टिकत नाही.
- माणसावरील अवलंबन: हाकणाऱ्या कुत्र्याचे लक्ष मेंढपाळाकडे असते. मेंढपाळ निघून गेला की तोही कळप सोडून त्याच्यामागे जातो.
- कामाची लय: हाकणारा कुत्रा थोड्या वेळात तीव्र श्रम करतो. राखणदाराला मात्र रात्रभर संथपणे जागत राहावे लागते.

## अपवाद आणि संयुक्त वापर

वरील विवेचन जातींच्या सर्वसाधारण प्रवृत्तींविषयीचे असून प्रत्येक कुत्र्याला ते तंतोतंत लागू पडत नाही. फ्रान्समधील बोसरोन आणि ब्रियार या मोठ्या आकाराच्या जाती पूर्वी हाकण्याबरोबर राखणही करीत. माणूस सतत सोबत असल्यास कोणत्याही जातीचा सावध कुत्रा भुंकून इशारा देण्याचे काम करू शकतो. अशा वेळी प्रत्यक्ष संरक्षण माणूस करतो आणि कुत्रा त्याचे कान व नाक ठरतो.

ज्या प्रदेशांत दोन्ही कामांची गरज असते, तेथे सहसा दोन निराळे कुत्रे ठेवले जातात. पिरेनीज पर्वतात लहान व चपळ पिरेनियन शेफर्ड मेंढ्या हाकतो आणि पांढरा थोराड ग्रेट पिरेनीज त्यांच्यात राहून राखण करतो. फ्रान्समधील आल्प्स पर्वतात १९९२ मध्ये लांडगे पुन्हा दिसू लागले. त्यानंतर तेथील मेंढपाळांना हाकणाऱ्या कुत्र्यांच्या जोडीला राखणदार कुत्रे पुन्हा आणावे लागले.

## महाराष्ट्रातील स्थिती

### धनगरांचे कळप आणि कुत्रे

महाराष्ट्रात फिरस्ते मेंढीपालन प्रामुख्याने धनगर समाज करतो. सातारा, सांगली, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील मेंढपाळ पावसाळा संपल्यावर, साधारणतः दिवाळीच्या सुमारास, चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात. पावसाळ्याच्या तोंडावर ते गावी परततात. 'वाडा' म्हणजे एकत्र प्रवास करणारी कुटुंबे, त्यांचे कळप, बिऱ्हाड वाहणारी घोडी आणि कुत्रे यांचा समूह होय. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवल्या जातात आणि मिळणाऱ्या लेंडीखताच्या मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात.

या व्यवस्थेत कळप हाकण्याचे काम माणसेच करतात. एक मेंढपाळ पुढे चालतो, दुसरा मागे राहतो आणि तोंडाने काढलेल्या ठरावीक आवाजांनी मेंढ्यांना वळवले जाते. कळप दिवसभर माणसाच्या नजरेसमोर असतो. रस्ते, उभी पिके आणि वस्त्या यांमधून मेंढ्या काढाव्या लागत असल्याने त्यांना दूरवर पांगू दिले जात नाही. त्यामुळे हाकणाऱ्या कुत्र्याची निकड निर्माण झाली नाही आणि तशी जातही येथे घडली नाही. कुत्र्याची खरी गरज रात्री भासते. मेंढ्या जाळीच्या कुंपणात, म्हणजे वाघरीत, कोंडल्या जातात. कुटुंब शेजारी उघड्यावर झोपते आणि कुत्रे सभोवताली पहारा देतात.

धनगरांच्या कुत्र्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता नाही. ते मध्यम आकाराचे, आखूड केसांचे व दख्खनच्या उष्ण हवामानात टिकणारे गावठी कुत्रे असतात. त्यांची पिल्ले वाड्यातच जन्मतात, करडा-कोकरांबरोबर वाढतात आणि भाकरीवर पोसली जातात. कळपावर धावणारा कुत्रा मेंढपाळाच्या उपयोगाचा नसल्याने तो वाड्यात टिकत नाही. या दीर्घकालीन निवडीतून कळपाला निरुपद्रवी आणि परक्या प्राण्याविषयी सावध असे कुत्रे शिल्लक राहतात. पैदाशीच्या नोंदवह्या नसतानाही, कॉपिंजर यांनी सांगितलेले तीन गुण येथे व्यवहारातून साध्य झालेले दिसतात. मात्र हे कुत्रे एकटे राखण करीत नाहीत. त्यांच्या भुंकण्याने जागा होणारा मेंढपाळ हा या राखणीचा अविभाज्य भाग आहे.

### लांडगा

दख्खनच्या माळरानांवर मेंढ्यांचा मुख्य शत्रू भारतीय लांडगा हा आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज, अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी तसेच पुणे जिल्ह्यातील बारामती, इंदापूर व सुपे या परिसरांतील गवताळ प्रदेशांत त्याचा वावर आहे. काळविटांसारखे नैसर्गिक भक्ष्य मर्यादित असल्याने तो मोठ्या प्रमाणात शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. तो बहुधा संध्याकाळी किंवा रात्री येतो आणि मागे राहिलेले कोकरू किंवा कळपाच्या कडेची मेंढी उचलतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार लांडगा अनुसूची १ मध्ये समाविष्ट असल्याने त्याला मारणे हा गुन्हा आहे. वन्य प्राण्यांनी पशुधन मारल्यास राज्याच्या वन विभागाकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी वेळेत सूचना देणे आणि पंचनामा होणे आवश्यक असते. रोज मुक्काम बदलणाऱ्या आणि लांडग्याने नेलेल्या कोकराचा अवशेषही हाती नसलेल्या मेंढपाळाला हे सहज शक्य होत नाही. अशा परिस्थितीत कुत्रा हा त्याला परवडणारा आणि कायद्याशी विसंगत नसलेला उपाय ठरतो. लांडग्याच्या दृष्टीनेही हा उपाय हिताचा असतो, कारण नुकसान मर्यादित राहिल्यास त्याच्या गुहा बुजवणे किंवा विष घालणे यांसारखे प्रकार टळतात.

### बिबट्या

लांडग्याविरुद्ध उपयोगी पडणारा कुत्रा बिबट्यापुढे बहुधा निष्प्रभ ठरतो. बिबट्या एकट्याने, दबा धरून आणि अत्यंत जवळून हल्ला करतो. शिवाय कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण जैवभारापैकी सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा असल्याचे आढळले. शेळ्यांची संख्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक असूनही त्यांचा वाटा बराच कमी होता. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातही कुत्रे हे बिबट्याच्या आहाराचा महत्त्वाचा भाग आहेत.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव व शिरूर या ऊसपट्ट्यातील तालुक्यांमध्ये बिबट्यांचे प्रमाण मोठे आहे. उसाला लागून मुक्काम करणाऱ्या वाड्यातील कुत्रा कळपाआधी स्वतःच बळी पडू शकतो. त्यामुळे अशा भागात मजबूत व वरून बंद असलेला गोठा, उजेड, तसेच उसापासून दूर मुक्काम या उपायांना अधिक महत्त्व आहे. यांतील पहिला उपाय स्थायिक पशुपालकाला शक्य असला, तरी फिरस्त्या मेंढपाळाच्या आवाक्यात नसतो.

### इतर देशी व परदेशी जाती

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात व मराठवाड्यात आढळणारा कारवानी किंवा मुधोळ हाउंड हा कुत्रा अनेकदा राखणदार समजला जातो. तो वस्तुतः नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारा शिकारी कुत्रा असून सशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध आहे. पळणाऱ्या प्राण्यामागे धावणे हाच त्याचा मुख्य गुण असल्याने कळपात राहण्यासाठी त्याची प्रवृत्ती अनुकूल नाही. वस्तीवर इशारा देणारा कुत्रा म्हणून मात्र त्याचा उपयोग होतो.

हिमालयीन किंवा युरोपीय राखणदार जाती दख्खनमध्ये आणण्यात हवामानाची अडचण आहे. दाट केसांच्या व जड बांध्याच्या कुत्र्यांना ४० अंश सेल्सिअसपुढील उन्हाळा आणि रोजची पायपीट सोसत नाही. त्यांच्या आहाराचा खर्चही फिरस्त्या कुटुंबाला परवडण्याजोगा नसतो.

## भारतातील इतर राखणदार कुत्रे

हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ आणि जम्मू-काश्मीरमधील बकरवाल समाज थोराड, दाट केसांचे राखणदार कुत्रे पाळतात. हे समाज उन्हाळ्यात उंच कुरणांवर व हिवाळ्यात पायथ्याशी स्थलांतर करतात. बिबट्या व अस्वल यांच्यापासून बचावासाठी गद्दी कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा बांधण्याची प्रथा आहे. व्हॅरोने वर्णिलेल्या रोमन पट्ट्याशी तिचे साम्य लक्षणीय आहे. भारतीय परंपरेत मेंढपाळाच्या कुत्र्याकडे प्रामुख्याने राखणदार म्हणूनच पाहिले गेले आहे. बॉर्डर कॉलीप्रमाणे नजरेने मेंढ्या वळवणारी जात येथे विकसित झालेली नाही.

## दुष्परिणाम आणि संवर्धनविषयक प्रश्न

कळपासोबतचे कुत्रे वन्यजीवांवर अनिष्ट परिणामही घडवू शकतात. नान्नज परिसरात अबी तमीम वनक यांनी केलेल्या संशोधनात कुत्र्यांच्या उपस्थितीत भारतीय खोकड आपले खाणे व वावर कमी करतो असे दिसून आले. रेबीज, कॅनाइन डिस्टेंपर आणि पार्व्हो हे रोग कुत्र्यांकडून लांडगे व खोकड यांच्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

पुणे परिसरातील गवताळ प्रदेशात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून सिद्ध झाले. संख्येने थोड्या असलेल्या लांडग्यांच्या जनुकीय अस्तित्वाला यामुळे धोका संभवतो. या प्रश्नाचा मुख्य रोख गावांभोवतीच्या मोकाट कुत्र्यांकडे आहे. तथापि, राखणीच्या कुत्र्यांचे नियमित लसीकरण व निर्बीजीकरण झाल्यास रोग आणि संकर हे दोन्ही धोके कमी होऊ शकतात. फिरस्त्या वाड्यांपर्यंत पशुवैद्यकीय सेवा पोहोचवणे ही त्यासाठीची पूर्वअट आहे, कारण स्थलांतराच्या काळात वाडा कोणत्याही एका दवाखान्याच्या कक्षेत फार काळ राहत नाही.

## लोकसंस्कृतीत

धनगरांसह अनेक समाजांचे दैवत असलेल्या खंडोबाच्या परंपरेत कुत्र्याला मानाचे स्थान आहे. खंडोबाच्या मूर्तींत व टाकांवर घोड्यासोबत कुत्रा दाखवला जातो. देवाला वाहिलेले वाघ्ये काही विधींमध्ये स्वतः कुत्र्याप्रमाणे भुंकतात आणि देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगर समाजातील मानली जाते. जर्मन अभ्यासक ग्युंथर सोंथायमर यांनी पश्चिम भारतातील पशुपालकांच्या दैवतांवरील संशोधनात या परंपरेचा सविस्तर विचार केला आहे. घोडा, कुत्रा आणि मेंढ्या ही देवाच्या परिवारातील त्रयी फिरस्त्या वाड्याच्या प्रत्यक्ष रचनेशी जुळणारी आहे.

## हेही पहा

- धनगर
- दख्खनी मेंढी
- भारतीय लांडगा
- बॉर्डर कॉली
- मुधोळ हाउंड
- माळढोक पक्षी अभयारण्य, नान्नज
- खंडोबा